गाळलेल्या अक्षरांची माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका एकांकिकेत घरगड्याचं काम केलं होतं. मोजून पाच-सहा वाक्यं होती, पण प्रत्येक वाक्याला हशा. 'होतं'चं 'व्हतं' करायचं, 'नाही'चं 'न्हाई' करायचं आणि मधूनच डोकं खाजवायचं, एवढ्या भांडवलावर मला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. त्या वेळी माझी आत्या दवाखान्याच्या कामासाठी गावाहून आली होती. मीच तिला हट्टानं नेऊन पुढच्या रांगेत बसवलं. परत येताना ती रस्ताभर गप्प. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "व्हय रं, आमी बोललो की तुमाला येवढं हसाया येतं?"

मी काहीतरी सारवासारव केली. विषय तिथेच संपला, निदान तिच्यापुरता. माझ्यापुरता काही तो संपला नाही. पुढे माझी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवण्यात गेली, आणि गंमत अशी की आत्याचा तो प्रश्न मला मराठीपेक्षा इंग्रजी कादंबऱ्या वाचतानाच जास्त वेळा आठवला.

त्याचं कारण आहे. खेड्यातल्या किंवा कष्टकरी माणसाचं बोलणं कागदावर उतरवताना इंग्रजी लेखकांनी गेली दोनशे वर्षं प्रामुख्यानं दोन युक्त्या वापरल्या. पहिली, शब्दातलं अक्षर गाळायचं आणि त्या जागी वर स्वल्पविरामासारखं एक चिन्ह टांगायचं. दुसरी, इतरांनी कधीच टाकून दिलेले जुने शब्द त्या माणसाच्या तोंडी घालायचे. वरवर पाहता हा शुद्धलेखनाचा विषय वाटेल. पण खोलात गेलं की लक्षात येतं, प्रश्न माणसाच्या अब्रूचा आहे.

आधी त्या चिन्हाची गोष्ट. इंग्रजीत त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात, आपण लोपचिन्ह म्हणू. संस्कृत शिकलेल्यांना 'सोऽहम्'मधला अवग्रह आठवेल. इथे एक 'अ' लोपला आहे, एवढंच तो सांगतो. त्यावरून बोलणारा शहाणा की अडाणी हे कुणी ठरवत नाही. सोळाव्या शतकात लोपचिन्ह फ्रेंचमधून इंग्रजीत आलं तेव्हा त्याचंही काम एवढंच होतं. 'इट इज' या दोन शब्दांचं 'टिज' व्हायचं, आणि शेक्सपिअरच्या नाटकांत राजेही 'टिज' म्हणतात. पुढे 'इट्स' हे रूप रूढ झालं आणि 'टिज' मागे पडलं. आज कादंबरीत कुणी 'टिज' म्हणालं, की वाचक समजतो, एकतर ही जुन्या काळची गोष्ट आहे किंवा हा म्हातारा शेतकरी आहे. दरबारातला शब्द असा बांधावर आला.

त्याहून मजेदार गोष्ट 'हंटिंग', 'शूटिंग', 'फिशिंग' या शब्दांची. यातला शेवटचा 'ग' गिळून 'हंटिन', 'शूटिन' म्हणणं ही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज उमरावांची खास लकब होती. आज अशिक्षितपणाची खूण मानला जाणारा 'एंट' हा शब्दही त्यांच्या बोलण्यात असे. डोरोथी सेयर्स यांचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी १९२३ साली पहिल्यांदा वाचकांसमोर आला. तो सरदार घराण्यातला, ऑक्सफर्डचा पदवीधर. पण त्याच्या बोलण्यात लोपचिन्हांची रांग असते. लॉर्डसाहेबांचा 'ग' गळला की वाचकाला ऐट दिसते, शेतमजुराचा तोच 'ग' गळला की अज्ञान दिसतं. म्हणजे दोष अक्षर गळण्यात नाहीच. ते कुणाच्या तोंडून गळलं, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडेही याचा एक छोटा पुरावा आहे. आपण 'केले' लिहिण्याऐवजी 'केलं' लिहितो. डोक्यावर एक टिंब दिलं की लिहिलेल्याचं बोललेलं होतं. या टिंबाला कुणी हसत नाही, कारण शहरातली शिकलेली माणसं तसंच बोलतात. हे भाषण छापतानाही ती टिंबं तशीच राहतील. पण 'केल्यालं' लिहा, लगेच ओठावर हसू येतं.

आता दुसरी युक्ती, जुन्या शब्दांची. यातला सगळ्यात मोठा शब्द म्हणजे 'दाऊ', म्हणजे आपला 'तू'. आज इंग्रजीत साऱ्यांना एकच 'यू', पण पूर्वी तसं नव्हतं. आपल्यासारखेच 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे होते. मोठ्यांना 'यू', मुलांना, नोकरांना, जवळच्यांना 'दाऊ'. भलत्या ठिकाणी 'दाऊ' वापरणं हा अपमान होता. १६०३ साली सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना मुद्दाम अरे-तुरे केलं. त्याच शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी ठरवलं, की देवापुढे सगळे सारखे, तेव्हा न्यायाधीश असो की जमीनदार, आम्ही सगळ्यांना 'दाऊ'च म्हणणार. त्यापायी त्यांनी मारही खाल्ला.

अठराव्या शतकापर्यंत प्रमाण इंग्रजीतून 'दाऊ' गेला. उरला तो दोन ठिकाणी. एक, प्रार्थनेत. १६११ च्या बायबलच्या भाषांतरात एकाच व्यक्तीशी बोलताना सरसकट 'दाऊ' आहे, मग ती व्यक्ती राजा असो, चाकर असो की साक्षात देव. दुसरं ठिकाण म्हणजे यॉर्कशर, लँकेशर अशा उत्तरेकडच्या परगण्यांतली घरं आणि शेतं. तिथे हा शब्द पार विसाव्या शतकातही रोजच्या बोलण्यात होता, आणि मोठ्या माणसांना असं म्हणू नये अशी ताकीद तिथल्या मुलांना मिळत असे. आपण विठ्ठलाला 'तू' म्हणतो आणि आईलाही 'तू' म्हणतो, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण ज्याच्या भाषेतून 'तू'च नाहीसा झाला, त्या इंग्रज वाचकाचा घोटाळा झाला. त्याच्या कानाला 'दाऊ' हा एकतर देवळातला शब्द, नाहीतर खेडवळाचा. घरातला साधा, जिव्हाळ्याचा शब्द म्हणून तो त्याला ऐकूच येईना.

या घोटाळ्याचा सर्वांत मोठा उपयोग करून घेतला तो सर वॉल्टर स्कॉट यांनी. त्यांची 'आयव्हॅनहो' १८१९ च्या अखेरीस बाहेर आली. कथा बाराव्या शतकाच्या शेवटची. त्या काळचे सॅक्सन आणि नॉर्मन लोक जे बोलत, ते एकोणिसाव्या शतकातल्या वाचकाला अक्षरशः कळलं नसतं. स्कॉट यांना याची पुरेपूर जाण होती. कादंबरीच्या प्रास्ताविक पत्रात त्यांनी ही अडचण मांडली आहे: भाषा अगदी आजची नको, पण शब्दकोशातून वेचलेल्या मृत शब्दांचीही नको. म्हणून त्यांनी मधली वाट काढली, आजचं वाक्य आणि त्यावर जुनेपणाचा हलका मुलामा. ती वाट इतकी लोकप्रिय झाली की पुढे तिच्यावरून झुंडी गेल्या. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत पात्रं बखरीतून उठून आल्यासारखी बोलू लागतात, तसं तिकडे झालं. शेवटी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी आपल्याच 'ब्लॅक ॲरो' या कादंबरीतल्या अशा भाषेला 'टशरी' असं थट्टेचं नाव दिलं. जुन्या संवादांत पदोपदी येणाऱ्या 'टश' या उद्गारावरून ते नाव आलं.

ऐतिहासिक कादंबरीत हे चालून जातं, कारण तिथे सगळेच जुने असतात. पण लेखक स्वतःच्या काळाची गोष्ट सांगत असतो आणि एकट्या खेडुताच्या तोंडी जुने शब्द घालतो, तेव्हा त्या खेडुताचं काय होतं? जग पुढे गेलं, हा मागे राहिला, असं त्या शब्दांतून आपोआप सुचवलं जातं. लोपचिन्ह सांगतं, याच्यात काहीतरी कमी आहे. जुना शब्द सांगतो, याचा काळ संपला आहे. माणूस मात्र तिथे उभा असतो, धडधाकट आणि आजचाच.

आणि हा नियम सगळ्यांना सारखा लागतो असंही नाही. डिकन्सचा ऑलिव्हर ट्विस्ट अनाथालयात वाढलेला. त्यानं चार सभ्य माणसांचं बोलणं ऐकलं असेल तर नवल. तरी तो पहिल्यापासून स्वच्छ, प्रमाण इंग्रजी बोलतो. त्याला चोरांच्या टोळीत नेणारा 'आर्टफुल डॉजर' मात्र अस्सल लंडनच्या गल्लीतलं बोलतो. का? तर ऑलिव्हर नायक आहे, आणि त्याच्याविषयी आपल्याला कळवळा वाटायला हवा. स्कॉट यांच्याच 'हार्ट ऑफ मिडलोथियन'मध्ये जीनी डीन्स ही साधी स्कॉटिश मुलगी बहिणीची फाशी टाळण्यासाठी एडिंबराहून लंडनला जाते, वाटेत कित्येक मैल पायी तुडवते आणि राणीपुढे उभी राहते. कादंबरीभर ती स्कॉट्स बोलत असते. पण राणीपुढे तिचं काळीज ओठांवर येतं, तेव्हा तिची भाषा बरीचशी प्रमाण इंग्रजीकडे झुकते. जणू बोलीत हसवता येतं, पोटतिडकीनं काही मागता येत नाही.

हा संकेत मोडण्याचं धाडस एका मुलीनं केलं. १८४७ च्या डिसेंबरात 'वुदरिंग हाइट्स' ही कादंबरी एलिस बेल या पुरुषी टोपणनावानं प्रसिद्ध झाली. लेखिका एमिली ब्राँटे, राहणार यॉर्कशरमधलं हॉवर्थ. या कादंबरीत जोसेफ नावाचा एक कुरकुऱ्या, देवभोळा म्हातारा नोकर आहे. एमिलीनं त्याचं यॉर्कशरी बोलणं जसंच्या तसं उतरवलं. वाचकाला कळावं म्हणून काही सौम्य केलं नाही. माझ्या वर्गातली मुलं जोसेफ बोलायला लागला की पान उलटायची, आणि इंग्लंडमधल्या मुलांनाही तिथे तळटीपा लागतात.

पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १८४८ रोजी, एमिली तिशीतच गेली. १८५० मध्ये थोरली बहीण शार्लट हिनं कादंबरीची नवी आवृत्ती तयार केली. तिनं प्रकाशकांना कळवलं की जोसेफचं बोलणं यॉर्कशरच्या माणसाला अगदी हुबेहूब वाटेल, पण दक्षिणेकडच्या वाचकांना ते कळणार नाही. म्हणून तिनं त्याची शब्दरूपं बदलली, सोपी केली. शार्लटचा हेतू वाईट नव्हता. बहिणीचं पुस्तक लोकांनी वाचावं, एवढीच तिची इच्छा होती. पण यात 'वाचक' म्हणजे कोण, हे गृहीतच धरलं होतं. वाचक म्हणजे लंडनकडचा. हॉवर्थच्या माणसाला हे पुस्तक तळटीपेशिवाय वाचता आलं असतं, ही गोष्ट हिशेबात आलीच नाही. आज बहुतेक आवृत्त्या पुन्हा १८४७ च्या मूळ पाठाकडे वळल्या आहेत.

मला मात्र जोसेफपेक्षा याच कादंबरीतला हॅरेटन अधिक महत्त्वाचा वाटतो. हा त्या वाड्याचा खरा वारस. सूडाच्या भरात हीथक्लिफ त्याला शिकू देत नाही, गड्यासारखं वाढवतो. त्यामुळे तो बोलतो ते गड्यांचं यॉर्कशरी. त्याची आतेबहीण कॅथी त्याच्या उच्चारांची टिंगल करते, आणि तो पुस्तक फेकून देतो. पुढे तीच त्याला वाचायला शिकवते. उलट स्वतः हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला पोर. तो तीन वर्षं परागंदा होऊन परततो तेव्हा सभ्य गृहस्थासारखा बोलतो. जमीन हिसकावता येते तशी भाषाही हिसकावता येते, हे एमिलीला दिसलं होतं. एकदा हा भाग शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर वर्गात तोंड उघडत नसे, बाहेर येऊन मला म्हणाला, "सर, हॅरेटनचं कळलं मला." एवढंच बोलून तो गेला.

टॉमस हार्डी यांनी या प्रश्नाचा शांतपणे विचार केला होता. खेडुतांची बोली जशीच्या तशी का लिहीत नाही, या टीकेला त्यांनी १८७८ मध्ये 'अथेनियम' या नियतकालिकात उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की प्रत्येक उच्चार कागदावर आणायला गेलं तर वाचकाचं लक्ष माणसावरून उडून त्याच्या विचित्रपणावर जातं. पुढे 'टेस'मध्ये, १८९१ साली, त्यांनी दाखवलं की शाळेत सहावी झालेली टेस दोन भाषा बोलते: घरी आईशी बोली, बाहेर शिकलेली इंग्रजी. आपल्याकडे शिकलेल्या किती लेकींना हे वेगळं सांगायला लागेल?

पण या चिन्हांचा खरा घाव दिसतो तो अमेरिकेत. तिथे प्रश्न नुसत्या खेड्याचा नव्हता, गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांचा होता. मार्क ट्वेनसारख्या लेखकानं 'हकलबरी फिन'च्या आरंभीच वाचकांना बजावलं होतं की यातल्या वेगवेगळ्या बोली आपण कष्टानं, माहितीनं उतरवल्या आहेत. बाकीच्या अनेकांनी मात्र सोपा रस्ता धरला. 'वॉज' हा शब्द घ्या. सगळेच तो सारखा उच्चारतात. पण कृष्णवर्णीय पात्राच्या तोंडी तो डब्ल्यू-ए-एस असा न लिहिता डब्ल्यू-यू-झेड असा लिहायचा. कानाला फरक शून्य, डोळ्याला मात्र अडाणी माणूस दिसतो. भाषातज्ज्ञ जॉर्ज क्रॅप यांनी १९२५ साली या प्रकाराला नावच दिलं: डोळ्यांची बोली.

पॉल लॉरेन्स डनबार हा एकेकाळी गुलाम असलेल्या आई-बापांच्या पोटी जन्मलेला, शाळेत चमकलेला कवी. त्यानं प्रमाण इंग्रजीतही कविता लिहिल्या आणि बोलीतही. १८९६ मध्ये एका बड्या समीक्षकानं त्याच्या बोलीतल्या कवितांची वाहवा केली, आणि तिथून लोक त्याच्याकडे तेवढंच मागू लागले. कीर्ती मिळाली, पण पायात बेडी पडली. १९०६ मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी तो गेला. त्याचा मित्र जेम्स वेल्डन जॉन्सन यानं १९२२ मध्ये लिहिलं की या छापील बोलीच्या पेटीला दोनच सूर उरलेत: एक हसण्याचा, एक कीव येण्याचा. मग १९२७ मध्ये 'गॉड्स ट्रॉम्बोन्स' या संग्रहात त्यानं कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांची प्रवचनं कवितेत आणली, तेव्हा मोडकी शब्दरूपं टाकून दिली. ठेवली ती त्यांची लय, त्यांचं पुन्हा पुन्हा म्हणणं आणि मध्येच थांबणं.

१९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या एका योजनेतून गुलामगिरी भोगलेल्या वृद्धांच्या आठवणी टिपल्या गेल्या. अशा २,३०० हून अधिक आठवणी जमल्या. टिपून घेणाऱ्यांना कवी स्टर्लिंग ब्राउन यांनी सूचना पाठवल्या. त्यांचं सांगणं असं, की माणसाच्या बोलण्याची ढब खरी असू द्या, उच्चाराची नक्कल दुय्यम. डब्ल्यू-यू-झेडसारखी रूपं नकोत. ही एवढी छोटी सूचना. पण अंगावर चाबकाचे वळ घेतलेल्या माणसाची साक्ष वाचताना कुणी हसू नये, याची ती तजवीज होती.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. लेखिका झोरा नील हर्स्टन १९२७-२८ मध्ये अलाबामात कोसोला या वृद्धाला भेटत राहिली. १८६० मध्ये 'क्लोटिल्डा' या जहाजातून आफ्रिकेतून चोरून आणलेल्या लोकांपैकी तो एक. १९३१ पर्यंत तिनं त्याची कहाणी त्याच्याच बोलीत लिहून काढली. प्रकाशकाकडून अट आली की बोली काढा, 'भाषे'त लिहा. तिनं नकार दिला. त्याच्या तोंडचे शब्द बदलले तर तो माणूस उरतच नाही, हे तिला ठाऊक होतं. ते पुस्तक, 'बॅरकून', २०१८ साली छापलं गेलं. तोवर कोसोला जाऊन त्र्याऐंशी वर्षं झाली होती आणि हर्स्टन जाऊन अठ्ठावन्न.

मग बरोबर कोण? अक्षरं दुरुस्त करणारा जॉन्सन, की तशीच ठेवणारी हर्स्टन? मला वाटतं, दोघंही. कारण दोघांचीही नजर बोलणाऱ्याच्या बाजूनं होती. स्कॉटलंडच्या लेखकांनी हाच मुद्दा वेगळ्या रीतीनं मांडला. 'विद' या इंग्रजी शब्दाला स्कॉट्समध्ये 'वी' म्हणतात. अठराव्या शतकापासून तो शब्द छापताना मागे लोपचिन्ह देत, जणू काही अक्षरं सांडली म्हणून माफी मागावी तसं. १९४७ मध्ये एडिंबरातल्या कवींनी लेखनाचे काही नियम ठरवले आणि ती चिन्हं काढून टाकली. आमच्या भाषेतून काही सांडलेलं नाही, असा त्याचा अर्थ. १९९४ मध्ये ग्लासगोच्या जेम्स केलमन यांच्या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळालं, तेव्हा एका परीक्षकानंच जाहीर नाराजी दाखवली. केलमन यांनी काय केलं होतं? संवादाची अवतरणचिन्हं काढून टाकली होती, आणि निवेदनही त्याच कामगाराच्या बोलीत लिहिलं होतं. आपल्या भाषेला आणि संस्कृतीला जगण्याचा हक्क आहे, असं त्यांनी पारितोषिक घेताना सांगितलं.

ते अवतरणचिन्ह मला फार विचार करायला लावतं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. धनगरांविषयी इतक्या मायेनं लिहिलेलं पुस्तक दुसरं शोधावं लागेल. तरी तिथेही तरुण मास्तरांचं निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि गावकरी अवतरणचिन्हांच्या आत आपल्या बोलीत बोलतात. मास्तर बाहेरून आलेला आहे, म्हणून ते तिथे शोभतंही. पण गोष्ट सांगणारा आणि गोष्टीतला माणूस यांच्यामध्ये ते कुंपण आपल्या कथांत किती वर्षं उभं होतं, हे त्यावरून लक्षात येतं.

निवृत्तीनंतर मी आत्यानं सांगितलेल्या दुष्काळाच्या आठवणी लिहायला घेतल्या. पहिल्या खर्ड्यात प्रत्येक 'व्हतं', प्रत्येक 'न्हाई' इमानानं उतरवलं. वाचून पाहिलं, तर कागदावर आत्या नव्हतीच, माझा एकांकिकेतला घरगडी होता. मग पुन्हा लिहिलं. बहुतेक शब्द साध्या रूपात ठेवले, पण तिच्या वाक्यांचा क्रम मोडला नाही, आणि तिचे शब्द बदलले नाहीत. 'त्या साली पाऊस पडला नाही' असं ती कधी म्हणत नसे. 'पावसानं त्या साली गावाकडं बघितलंच नाही' असं म्हणे. त्यात तिचा आवाज मला ऐकू आला. बरोबर आला का, हे सांगायला ती आता नाही.

तिचा तो प्रश्न मात्र मी सुरुवातीला तिच्याच उच्चारात ठेवला आहे. तो मला दुरुस्त करवला नाही. आता तुम्हीच सांगा, तो वाचताना तुम्हाला हसू आलं का?